परमेश्वरच्या बंद खात्याबाबत

झरी
३ नोव्हेंबर २०२५

चि. परमेश्वर,

बापाचा आशीर्वाद घे. नको असला तरी घे, तो परत पाठवायची सोय नाही.

तू माझा नंबर ब्लॉक केलास हे मला आज राजनंदिनीकडून कळलं. मला वाटलं पाथरीला रेंज नाही. चार दिवस मी गच्चीवर चढून फोन लावत होतो. शेवटी तुझी आई खालून ओरडली, "उतरा खाली! रेंजला काय झालं न्हाई. त्यानं तुमालाच तोडलंय." म्हणून पत्र लिहितो आहे. पोस्टाने आलेलं पत्रही ब्लॉक करता येतं का, ते मला माहीत नाही. येत असेल तर करू नकोस.

त्या दिवशी तू माझं काही ऐकून घेतलं नाहीस. पिशवी भरलीस आणि पाथरीला बहिणीकडे, राजनंदिनीकडे गेलास. म्हणून क्रमाने लिहितो.

तू सकाळी कुणाच्या तरी विहिरीतली मोटार काढायला गेलास. फोन घरी चार्जिंगला होता. तुझ्या फोनची खूण मला माहीत आहे, जेवताना तू ताटाशेजारीच उघडतोस. मी हवामान बघायला उघडला. हवामानाच्या शेजारी ते ॲप होतं. त्यात एकामागून एक मुली, सगळ्या लग्नाच्या वयाच्या, नाव, शिक्षण, उंची सगळं लिहिलेलं. आणि तू सहा महिने तिथे असून फक्त एकीशी बोलतोस! मला वाटलं, पोराला कामाची रीत माहीत नाही. एकाच ठिकाणी बोलून सोयरीक जमते का? मी कुणाच्या लग्नाला गेलो तर पिशवीत तुझ्या बायोडाट्याच्या झेरॉक्स नेतो, पंगतीत वाढप्यासारखा फिरतो, तेव्हा कुठे एखादा फोन येतो. तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं, मुहूर्त सुरू होणार होते. म्हणून तेच मी तिथे केलं.

बायोडाटा एकदाच टाइप केला. दाबून धरलं की कॉपी होतं, हे मला येतं. सकाळचे शुभेच्छा संदेश पाठवून हात बसलेला आहे. एक्केचाळीस जणींना पाठवला. सुरुवातीला गणपतीचा फोटो लावला, कारण बायोडाटा गणपतीशिवाय सुरू होत नाही. खाली मामांची नावं, चुलत्यांची नावं, माझा मोबाईल नंबर. तुझं वय चौतीसऐवजी एकतीस लिहिलं. त्यात फसवणूक नाही, सगळेच तीन वर्षं कमी लिहितात, वाचणारा मनात तीन मिळवून घेतो.

संध्याकाळी तू आलास तर खातं कायमचं बंद. यापलीकडे मी काही केलेलं नाही.

मी ते उघडून देईन. तू काळजी करू नकोस. पाथरीला पाणी उकळून पितोस का? दुकान बंद आहे, तीन जळालेल्या मोटारी दारात पडल्या आहेत. लोक विचारायला येतात. मी सांगतो, ट्रेनिंगला गेला.

तुझा
व्यंकटी सोपान कच्छवे (वडील)


झरी
८ नोव्हेंबर २०२५

चि. परमेश्वर,

पहिल्या पत्राचं उत्तर नाही, तरी हे दुसरं. खात्याचं काम सुरू केलं आहे.

बाजारातल्या ऑनलाइन केंद्रात संघप्रियाकडे गेलो. अख्ख्या गावाचे पासवर्ड तिच्या वहीत असतात. तुझा ईमेलही मागे तिनेच काढला होता. मी म्हणालो, "परमेश्वरनं पाठवलंय, त्याचं खातं उघडून दे." तिने पीकविम्याचं पोर्टल उघडलं. मी म्हणालो, ते नाही. मग बँकेचं उघडलं. मी म्हणालो, तेही नाही. दुकानात सात-आठ माणसं रांगेत. मी हळू आवाजात ॲपचं नाव सांगितलं.

"मोठ्यानं बोला काका, काय आयकू येईना."

"मुलींचं," मी म्हणालो.

आख्खी रांग वळून बघायला लागली. दिनकरराव होते, ते म्हणाले, "व्यंकटीआप्पा, ह्या वयात?" मी म्हणालो, पोराचं आहे. ते म्हणाले, "सगळे असंच सांगत्यात."

ते जाऊ दे. संघप्रियाने शोधून काढलं की अपील करता येतं. दरखास्त मी स्वतः लिहिली, तिने फक्त टाइप केली. 'मा. व्यवस्थापक साहेब, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की' अशी व्यवस्थित सुरुवात केली. आपण तीन पिढ्या झरीचे रहिवासी आहोत, घरात कुणावर गुन्हा नाही, हे सगळं लिहिलं. सोबत तुझं आधार, सातबारा, रहिवासी दाखला, दहावीची सनद आणि सरपंचांच्या सहीचं वर्तणुकीचं प्रमाणपत्र जोडलं. सरपंच म्हणाले, कशासाठी पाहिजे? मी म्हणालो, नोकरीसाठी. हे एक खोटं झालं.

चार मिनिटांत उत्तर आलं. नामंजूर. संघप्रियाने वाचून दाखवलं की आम्ही तुमचं प्रकरण काळजीपूर्वक तपासलं आहे. चार मिनिटांत, परमेश्वर! आपल्या सातबाऱ्यावरची नावं वाचायला तलाठ्याला अर्धा दिवस लागतो. मी तिला म्हणालो, हे वाचलेलंच नाही. ती म्हणाली, "काका, ते माणूस न्हाई वाचत. मशीन वाचतंय."

मग मशीनला सरपंचाच्या सहीचा काय उपयोग होणार?

पण एक रस्ता आहे. कंपनीला तक्रार ऐकणारा अधिकारी ठेवावा लागतो. त्याला लिहिलं. यावेळी कारण असं दिलं की फोन चोरीला गेला होता आणि चोराने हे सगळं केलं. चोराने गणपतीचा फोटो का लावला, असं संघप्रियाने विचारलं. मी म्हणालो, चोर धार्मिक असेल. तिने माझ्याकडे बघितलं, पण टाइप केलं.

तुझी आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. काल म्हणाली, "तुमी लेकराचं खातं न्हाई, नशीब बंद केलाव." मी जेवण अर्धं टाकून उठलो. मग परत बसून जेवलो, कारण तिला काही फरकच पडला नाही.

तुझा
व्यंकटी सोपान (वडील)


झरी
१३ नोव्हेंबर २०२५

चि. परमेश्वर,

तुझा बाप आता तीन ठिकाणी बंद आहे. कंपनीत, तुझ्या फोनमध्ये आणि संघप्रियाच्या केंद्रात.

अधिकाऱ्याचं उत्तर आलं. यावेळी नकार नव्हता. त्यांनी लिहिलं की खातेदाराने कॅमेऱ्यासमोर बसून चेहरा दाखवावा. संघप्रिया म्हणाली, "परमेश्वरदादाला घिऊन या." मी म्हणालो, तो कामात आहे, माझाच घे. तोंडावळा माझ्यासारखाच आहे, सगळं गाव म्हणतं.

ती नको म्हणत होती. मी हट्ट धरला. टोपी काढून बसलो. फोन बोलायला लागला, डावीकडे वळा, उजवीकडे वळा, वर बघा. मी वळलो. मग म्हणाला, हसा. दरखास्तीच्या फोटोत कुणी हसतं का? मी नाही हसलो. तो परत म्हणाला, हसा. रांगेतली माणसं सांगायला लागली, "हसा आप्पा, हसा." दिनकररावांनी कॅमेऱ्यामागे उभं राहून तोंड वेडंवाकडं करून दाखवलं. शेवटी हसलो.

फोनने सांगितलं, चेहरा जुळत नाही.

मी म्हणालो, एवढ्याशा फरकासाठी अडवायचं नसतं, बाप आहे मी. यावर संघप्रियाने हात थांबवला. म्हणाली, "काका, खरं सांगा. परमेश्वरदादानं पाठवलंय ना तुमाला?"

मी टोपी घातली.

ती लय चिडली. सगळ्यांसमोर म्हणाली, "त्याला ठाऊकच न्हाई? आन् मी त्याचं ईमेल उघडून बसलेय! ज्यासाठी खातं बंद झालं, तेच तुमी माझ्या हातून पुन्यांदा करायलाव. उठा. तो सोता आल्याबिगर माझ्या दुकानाची पायरी चढू नका."

दिनकरराव हसले नाहीत. त्यांनी हसायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

राजनंदिनीचा फोन आला होता. ती म्हणाली, तू दिवसभर पाथरीत दुसऱ्याच्या दुकानात जळालेल्या मोटारींत नवी तार भरतोस आणि घरी येऊन गप्प बसतोस. तिने विचारलं तर म्हणालास, "तिच्याकडं माझा नंबर न्हाई, माझ्याकडं तिचा न्हाई. भेटल्यावर देईन म्हणली होती. आता तिला वाटलं आसंल, ह्योबी तसलाच निघाला, पळाला." राजनंदिनी म्हणाली, "बाबा, त्याला ते खातं बी नकोय आता. उघडून काय तोंड दाखवू, म्हंतोय."

हे ऐकल्यापासून मला जेवण जात नाही. तुझ्या आईने विचारलं, पित्त झालंय का? मी हो म्हणालो.

तुझा
व्यंकटी


झरी
१५ नोव्हेंबर २०२५

चि. परमेश्वर,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. मग फाडलंस तरी चालेल.

काल तुझी आई कापूस वेचून आली आणि पाणीसुद्धा न पिता माझ्यासमोर बसली. म्हणाली, "त्या दिशी फोनातनं एक बाई बोलत होती. मी आत आले की तुमी बंद केलाव. कोण होती ती?" मी म्हणालो, हवामानवाली. ती म्हणाली, "हवामानवाली 'परमेश्वर, तू जेवलास का' आसं इचारती व्हय?"

तेव्हा ऐक. पहिल्या पत्रात मी लिहिलं की बायोडाटा वाटण्यापलीकडे मी काही केलं नाही. ते खोटं आहे.

तू ज्या एकीशी बोलतोस त्या राजेश्रीचं आणि तुझं बोलणं मी वाचलं. थोडंसं. म्हणजे बरंचसं. सगळं वाचलं. जिंतूरला दवाखान्यात नर्स आहे, हेही त्यातूनच कळलं. ती तुला विचारते, आज कुणाची मोटार जळाली. तू तिला तारेचे वेढे किती बसले ते सांगतोस. मग ती विचारते, वेढे मोजताना चुकलं तर पहिल्यापासून मोजतोस का. पोरा, एकोणीस घरी आपण पोहे खाल्ले. एकाही घरात तुझ्या कामाबद्दल कुणी एवढं विचारलं नाही. नोकरी का नाही, एवढंच विचारलं.

मला वाटलं, ही जाता कामा नये. आता मोठ्या माणसाने मध्ये पडून पक्कं करावं. म्हणून तुझ्या नावाने तिला लिहिलं, 'नमस्कार. आपले आडनाव, देवक व मामकुळ कळवावे. जुळत असल्यास रविवारी आम्ही पाच जण बघण्यास येतो.' तिथे कुणाचंच आडनाव दाखवत नाहीत, हा त्या ॲपचा दोष आहे.

तिने लगेच लिहिलं, 'कोण बोलतंय?'

मी लिहिलं, 'मीच परमेश्वर.'

तिने लिहिलं, 'परमेश्वर मला आपले म्हणत नाही.'

मी लिहिलं, 'आजपासून म्हणणार.'

तिने लिहिलं, 'मंगळवारी मी तुला काय सांगितलं होतं?'

मी वर जाऊन शोधलं. तिने ते बोलून पाठवलं होतं. कानाला लावावं म्हणून दाबलं तर ते मोठ्याने वाजायला लागलं, तुझी आई आत आली, मी घाबरून बंद केलं. मग लिहिलं, 'देवक कळवल्यावर सांगतो.'

यावर तिने जे लिहिलं ते मला पाठ झालं आहे. 'तुम्ही जे कोणी असाल, परमेश्वरचा फोन तुमच्या हातात कसा आला? तो बरा आहे ना? मी आत्ता कंपनीला कळवते.'

दहा मिनिटांत खातं बंद झालं.

त्या एक्केचाळीस जणींपैकी कुणी तक्रार केली असेल, असं मला वाटत नाही. एकीने तर बागायत किती, असं विचारलंही होतं. खातं राजेश्रीने बंद करायला लावलं. दोन ओळींत तिला कळलं की हा तू नाहीस. तू पळालास असं तिला वाटत नाही, परमेश्वर. तुला काहीतरी झालं, असं तिला वाटतं. आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझी चूक उघडी पडेल म्हणून मी सांगितलं नाही. तू तिकडे मान खाली घालून बसलास आणि मी इकडे सरपंचाच्या सह्या गोळा करत बसलो.

आईने हे सगळं ऐकलं. उठून तिने कागद आणि पेन माझ्यासमोर ठेवलं. ती म्हणाली, "आता हे जसं मला सांगितलाव, तसंच लिव्हा. एक आक्षर गाळू नका."

आता कामाचं. केंद्राच्या पायरीवर न चढता, रस्त्यावरूनच मी संघप्रियाला खरं सांगितलं. तिने अधिकाऱ्याला शेवटचं एक कळवलं की चोर वगैरे नव्हता, वडील होते. त्यांचं उत्तर आलं आहे. खातेदाराने स्वतः चेहरा दाखवावा, २६ तारखेपर्यंत. त्यानंतर खातं कायमचं पुसलं जाईल, आत जे काही आहे त्यासकट. लिंक तुझ्या ईमेलवर आहे. पासवर्ड तिने बदलून टाकलाय, फक्त तुलाच सांगणार आहे. तिला फोन कर.

हसा म्हणालं की हस. ते मशीन आहे, ऐकत नाही.

व्यंकटी


झरी
२४ नोव्हेंबर २०२५

चि. परमेश्वर,

दोन दिवस राहिले म्हणून कार्ड टाकतो आहे. पोचेपर्यंत तारीख उलटलेली असेल, हे आई सांगते आहे. तरी टाकतो.

मी रोज केंद्रासमोरच्या हॉटेलात बसतो. चहा पितो आणि संघप्रियाच्या तोंडाकडे बघतो. तिने काल दारात येऊन सांगितलं, "काका, उगी टक लावून बसू नका, गिऱ्हाईक भितंय." मी विचारलं, त्याचा फोन? ती म्हणाली, "ते मी तुमाला सांगणार न्हाई." नाही आला असता तर 'नाही' म्हणाली असती. की नसती? तुला काय वाटतं?

दुसऱ्या मोटारीचा मालक भांडायला आला होता. मी त्याला खरं सांगितलं की तू माझ्यावर रागावून गेला आहेस. तो म्हणाला, मग थांबतो. त्याचाही एक मुलगा आहे.

व्यंकटी


झरी
४ डिसेंबर २०२५

चि. परमेश्वर,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनने हातात दिलं तेव्हा मी आधी पत्ता तीनदा वाचला. मग चष्मा सापडेना. मग आईने वाचून दाखवलं, तिला तुझं अक्षर लागतं.

तू २२ तारखेलाच चेहरा दाखवलास, म्हणजे मी समोर चहा पीत होतो तेव्हा खातं उघडून दोन दिवस झाले होते. संघप्रियाने तोंडाची रेषसुद्धा हलू दिली नाही. तिला तहसीलमध्ये घ्यायला पाहिजे.

राजेश्रीने तुला पहिल्यांदा तोच मंगळवारचा प्रश्न विचारला आणि तू बरोबर सांगितलंस, एवढं लिहिलंस. उत्तर काय ते लिहिलं नाहीस. बरं केलंस. जिंतूरला स्टँडसमोर भेटलात, तीन तास बोललात, तिने स्वतःच्या हाताने नंबर लिहून दिला. हे मी आईकडून दोनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणालो तर तिने पत्र ब्लाउजात ठेवलं.

तू लिहिलंस की राजेश्री रविवारी झरीला यायला तयार आहे, पण तिची एक अट आहे. परमेश्वर म्हणून जो माणूस तिच्याशी बोलला, त्याने एकदा स्वतःच्या नावाने लिहावं आणि तसं का केलं ते सांगावं. तिला ते पटलं तर येईल, नाही तर तुम्ही दोघं तुमचं जिंतूरलाच बघाल. मला हे वाचून घाम आला. मी सातवी शिकलेला माणूस. परक्या मुलीला मी जन्मात पत्र लिहिलेलं नाही, लिहिलं ते तुझ्याच नावाने. चार कागद फाडले. आईला म्हणालो, तू सांग, मी लिहितो. ती म्हणाली, "पुन्यांदा दुसऱ्याच्याच तोंडानं बोलणार का?"

म्हणून हे मी एकट्याने लिहिलं आहे. तिला दे. आधी तू वाचू नकोस. वाचलंस तरी मला बोलायला तोंड नाही.

चि. राजेश्री यांना,
झरीहून व्यंकटी सोपान कच्छवे यांचा नमस्कार.

परमेश्वरचा बाप तो मीच. वय सदुसष्ट. त्या दिवशी तुमच्याशी मी बोललो.

का केलं ते मी बरेच दिवस रीत म्हणून सांगत होतो. खरं कारण भीती आहे. मुलाला घेऊन मी एकोणीस दारं फिरलो. प्रत्येक घरातून निघताना तो गाडीला किक मारायचा आणि मी मागे बसायचो. मला फक्त त्याची पाठ दिसायची. तुमचं बोलणं मी वाचलं, ते वाचायला नको होतं. त्यात तो हसत होता. घरात तो असा हसलेला मला आठवत नाही. मला वाटलं, हेही जाईल, आणि मी परत त्याच्या मागे बसून पाठ बघत घरी येईन. म्हणून घाई केली आणि जे होतं तेच घालवत होतो.

तुम्ही कंपनीला कळवलंत ते बरोबर केलंत. माझ्या मुलाला काही झालं तर असं कुणी विचारायला आहे, हे मला त्यामुळे कळलं. मला त्या दिवशी ते नीट वाचता आलं नाही.

तुमचं आडनाव मला अजून माहीत नाही. परमेश्वरला माहीत आहे, तेवढं पुरे. तुम्ही आलात तर आम्ही पाच जण नसू, परमेश्वरची आई धुरपदाबाई आणि मी. तुम्हीच आम्हाला बघायला या. काय विचारायचं ते विचारा, बसून उत्तरं देईन. येताना रस्त्यावरच्या झरीच्या पाटीपाशी बसमधून उतरा, तिथून घर दहा मिनिटांवर आहे. घ्यायला परमेश्वर येईल. मला पाटीवर येऊन थांबायची फार सवय आहे, पण मी येणार नाही. घरातच बसेन. तुम्ही दोघं येऊन हाक मारली की मग दार उघडेन.

आपला
व्यंकटी सोपान कच्छवे